सत्कारमूर्ती बसेना

१२ जानेवारी २०२५, रविवार

पहाटे साडेपाचला कपडे धोपटणाऱ्या मोगरीच्या आवाजाने जाग आली. या आठवड्यातली ही तिसरी गोधडी. गारठा असा की कालच मी नागपूरच्या दैनिकाला थंडीची बातमी पाठवली, आणि आमच्याच अंगणात शामकला कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवून बसलेली. पांघरुणातूनच विचारले, "चेतनाची माय, त्या गोधडीने तुझे काय बिघडवले?"

"धूळ बसते जी."

बंद खोलीत, अंगाखालच्या गोधडीवर बसणारी धूळ. शास्त्रज्ञांना कळवायला हवे.

दीड वर्षापूर्वी तिचे शेक, म्हणजे किरणांचे उपचार, संपले. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग, तिसरी पायरी. सात आठवडे नागपुरात खोली घेऊन राहिलो. तेव्हा मनाशी ठरवले होते की ही बाई वाचली तर पुन्हा तिच्यावर चिडणार नाही. ती वाचली. व्रत मात्र गेल्या दसऱ्यापर्यंतच टिकले. दसऱ्यापासून ती मागच्या खोलीत झोपते. कारण, माझे घोरणे. सव्वीस वर्षे सहन झालेले घोरणे. अंथरुणाखाली खताच्या पोत्याचे प्लास्टिक घालते. कारण, ओल येते. फरशी सिमेंटची आहे. माझी सोवळ्याची दोन जुनी धोतरे नाहीशी झाली आहेत. त्याचे कारण मी विचारलेले नाही, कारण कारणांनी माझे समाधान होईनासे झाले आहे.

२० जानेवारी, सोमवार

नागपूरला तपासणी. डॉक्टरांपुढे नंबर लागायला चार तास, आणि आत गेल्यावर चार मिनिटे. म्हणून मी नेहमीप्रमाणे वृत्तांत तयार ठेवला होता. बातमीचा सारांश पहिल्या दोन ओळींत यावा, हे मी वीस वर्षे गोंदियातल्या नव्या पोरांना शिकवतो.

डॉक्टरांनी विचारले, "जेवण?"

"मध्यम," मी म्हणालो.

"लघवी, संडास? काही त्रास?"

"सर्व यथास्थित."

शामकला म्हणाली, "ते जरा..."

"जरा थंडी बाधते," मी पूर्ण केले. डॉक्टर हसले. मागे तेरा जण उभे होते. भानही ठेवावे लागते.

रक्त आणि सोनोग्राफी लिहून दिली होती. त्यासाठी थांबलो असतो तर गाडी चुकली असती. पुढच्या खेपेला करू.

परतीच्या गाडीत दोन जागा मिळाल्या, खिडकीजवळच्या. ही नागपूर ते गोंदिया दारापाशी उभी. तिरोड्यापर्यंत मी तीनदा बोलावले. "पाय मोकळे होऊन राहिले," म्हणे. समोरच्या गृहस्थाने मला विचारले, "घर में झगडा हुआ क्या?" नाही म्हणालो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज जागतिक कर्करोग दिन. माझा लेख पहिल्या पानावर, चौकटीत, तिच्या छायाचित्रासह: 'शामकलाबाईंनी कर्करोगाला हरवले'. सकाळपासून अकरा फोन. कामठ्याच्या महिला मंडळाच्या प्रेरणाताईंनी तर आठ मार्चला महिला दिनाचा सत्कारच जाहीर केला.

हिने लेख उभ्यानेच वाचला. (हल्ली ही सगळे उभ्याने करते.) घडी घातली. म्हणाली, "संपला म्हणून कोणं सांगतलं तुमाले?"

"डॉक्टरांनी."

"डॉक्टरनं तुमाले विचारलं. तुमी सांगतलं."

लिहिणाऱ्याच्या घरातला वाचक नेहमीच कठोर असतो. आठशे शब्द लिहायला मला तीन रात्री लागल्या. शेवटच्या परिच्छेदात तर माझेच डोळे भरून आले होते. तिला तो परिच्छेद कसा वाटला हे विचारायचे राहून गेले.

९ फेब्रुवारी, रविवार

आठवड्याला तीन पुडे उदबत्त्या. सकाळी धूप, संध्याकाळी कापूर, मागच्या खोलीत दिवसभर मोगऱ्याची उदबत्ती. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असे समजावे, एवढे न्यायशास्त्र मी शिकलेलो आहे. घरात धूर आहे, म्हणून घरात भक्ती आहे. आजारातून उठलेल्या माणसाला देव आठवतो, त्यात नवल नाही. नवल हे की देवघर पुढच्या खोलीत आहे.

दुधराम, म्हणजे तिचा मोठा भाऊ, फोनवर रागावला. त्याच्या पोरीच्या हळदीला ही गेली नाही. "जवाई, तुमीच अडवलं असान!" मी अडवले! मी तर जेवायला जाण्यासाठी सदरा इस्त्री करून बसलो होतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

चहा सोडला. पाणी तर औषधापुरते, घोटभर. "तोंडाले लोखंडासारखं लागते," म्हणते. नळाच्या पाण्याची बातमी करावी की काय असे मनात आले.

चेतना बी.एड.च्या सुट्टीवर आली आहे. ती आणि आई मागच्या खोलीत तासन्‌तास. मी गेलो की दोघी गप्प. आज मुलगी मला म्हणाली, "बाबा, तुम्ही आईला नीट विचारा ना."

"काय विचारू?"

"विचारा. बसून विचारा."

बसलो. ती उभी होती, हे सांगायला नकोच. विचारले, "तुला काय पाहिजे?"

"काई नाही."

"सत्काराला नवे लुगडे घेऊ?"

माझ्याकडे तिने असे पाहिले की मी काहीतरी भलतेच बोललो असे वाटले. मग "घ्या" म्हणाली. बाजारात जाऊन साईच्या रंगाचे रेशमी पातळ आणले. घरी आल्यावर म्हणाली, "गडद नाही भेटलं का? काळपट, तपकिरी?" परत गेलो. दुकानदार म्हणाला, "भाभीजी को पसंद नहीं आया?" तपकिरी सुती घेऊन आलो. सत्काराला नेसायचे की शाळेच्या पहारेकऱ्याने, हा प्रश्न मी गिळला.

७ मार्च, शुक्रवार

सत्कार उद्या, आणि सत्कारमूर्ती म्हणते, "मी नाही येत."

पत्रिका छापल्या आहेत. तिरोड्याहून पाहुण्या येणार आहेत. मी पाऊण तास बोललो. कृतज्ञता, समाजाचे ऋण, इतर स्त्रियांना मिळणारे धैर्य, असे चार मुद्दे क्रमाने मांडले. ती भिंतीला टेकून ऐकत होती. पाय सुजले आहेत तिचे, दिवसभर उभे राहून दुसरे काय होणार?

"तुमी मले न विचारता हो म्हणतलं."

"तू नाही म्हणाली असतीस."

"मंग?"

शेवटी तह झाला. खुर्ची प्लास्टिकची हवी, सोफा नको. अगदी कडेला, पडद्याजवळ. कार्यक्रम तासाभराचा. प्रेरणाताईंना फोन करून आसनाबाबतच्या या अटी कळवताना माझीच जीभ अडखळली. म्हणालो, "तिला साधेपणा आवडतो." चेतना ऐकत होती. ती ताडकन उठून निघून गेली. या घरात सगळ्यांचे काहीतरी चालले आहे आणि मला कोणी पत्ता लागू देत नाही.

८ मार्च, शनिवार

मंचावर लाल मखमलीचे सोफे. अटी कोणी वाचल्याच नव्हत्या. प्रेरणाताईंनी हात धरून बसवायला नेले तर ही म्हणाली, "मी उभीच बरी." आग्रह झाला, पुन्हा झाला. ही हलेना. शेवटी मी ध्वनिक्षेपक घेतला आणि म्हणालो, "ज्या बाईने मरणापुढे गुडघे टेकले नाहीत, ती सोफ्यापुढे कशी टेकेल?" टाळ्या. मला वाक्य आवडले. सव्वादोन तास ती पडद्याला धरून उभी होती, शालीची घडी पोटाशी गच्च. बायका म्हणत होत्या, किती नम्र!

कामठ्याहून येताना ऑटोत उलटी. घरी दोनदा. उचकी थांबत नाही. उन्हाचा परिणाम असावा. लिंबूपाणी दिले, तेही पडले.

१० मार्च, सोमवार

उचकी काल दिवसभर, आज सकाळी तिला मला ओळखायलाही वेळ लागला. इथल्या दवाखान्यात रक्त तपासले. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे किती साफ करतात त्याचा आकडा, एकच्या आसपास असावा, हिचा ७.१. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे फुगलेली. लगेच नागपूर.

रुग्णवाहिकेत बसण्याआधी तिथल्या डॉक्टरांनी विचारले, "लघवीचा काही त्रास होता का?"

मी तोंड उघडले. चेतना माझ्याआधी बोलली. "गळते. सारखी. दसऱ्यापासून. खालून. तिला धरताच येत नाही."

मी म्हणालो, "पण..." दसरा ते आज पाच महिने. मी त्याच घरात राहतो.

१२ मार्च, बुधवार

नागपूर. मूत्रमार्गाच्या डॉक्टर रीता मॅडम आहेत. खोलीत येऊन त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही की मला म्हणाल्या, "आपण बाहेर थांबा." मी म्हणालो, "मी पती आहे, सगळा इतिहास मला माहीत आहे." त्या म्हणाल्या, "तो नंतर ऐकते."

चाळीस मिनिटे. दार बंद. शामकला चाळीस मिनिटे बोलू शकते हे मला सव्वीस वर्षांत माहीत नव्हते.

नंतर मला समजावले ते असे. शेकांनी रोग मारला, पण शेजारची जागाही भाजली. ती हळूहळू आकसत गेली. मूत्रपिंडातून मूत्राशयात येणाऱ्या दोन्ही नळ्या त्यात चेपल्या. वरून तयार झालेले पाणी खाली उतरेना, म्हणून मूत्रपिंडे फुगली. आणि मूत्राशयाच्या भिंतीला भोक पडले, ते योनीत उघडते. म्हणून गळते. हे उपचारानंतर वर्षा-दोन वर्षांनीही होते. रोग परतला आहे का ते पाहायला तुकडा तपासायला गेला आहे.

"आधी का नाही आलात?" मॅडमनी विचारले. जानेवारीत आलो होतो, असे म्हणालो. मग जानेवारीत काय झाले ते आठवले.

रात्री मागची पाने वाचली. वाचायला नको होती.

१३ मार्च, गुरुवार

नळ्यांत आतून बारीक नळी सरकवायचा प्रयत्न झाला. नळी जाईना, वाट इतकी अरुंद. आता एकच उपाय. पाठीतून सुई घालून दोन्ही मूत्रपिंडांत नळ्या टाकायच्या. लघवी बाहेर दोन पिशव्यांत.

ही म्हणते, "नाही."

"का?"

"पिशव्या बांधून जगाचं नाही मले. लोकं काय म्हणतीन?"

मॅडम म्हणाल्या, पोटॅशियम वाढते आहे, दोन दिवसांत हृदय थांबू शकते. ही म्हणाली, "थांबू द्या." आता मला राग आला, खरा, या महिन्यातला पहिला. मी म्हणालो, जीव ही आपल्या एकट्याची मालमत्ता नव्हे. चेतनाचे लग्न. पितरांचे, ऋषींचे, सगळ्यांचे ऋण मांडून झाले. चेतना रडली. मॅडमनी आकडे पुन्हा सांगितले. ती छताकडे पाहत राहिली. मग तिने मान वळवली, माझ्याकडे नाही, मॅडमकडे.

"बाई, एक विचारू?"

"विचारा ना."

"सगळं पिशव्यांत गेलं, तं खाली येईन का?"

"खूप कमी होईल. काही बायकांचं पूर्ण थांबतं. कोरड्या राहतात."

"म्हंजे सांडवाच काढून राहिले तुमी."

मॅडम नागपूरच्या, त्यांना कळेना. तेव्हा या आजारात मी पहिल्यांदा उपयोगी पडलो. सांगितले की हिच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधतात. तलावाचे पाणी पाळीवरून, म्हणजे बांधावरून, जाऊन पाळ फुटू नये म्हणून कडेने वाट काढून देतात, तो सांडवा. मॅडम म्हणाल्या, "हो. अगदी तेच."

शामकला उठून बसायला लागली. "मंग पयले काऊन नाही सांगतलं? घेऊन राहिले सकाळपासून मराचं अन् जगाचं! काढा सांडवा. आजच काढा."

आम्ही तिघे शिकलेली माणसे तीन तास तिच्या जिवाबद्दल बोलत होतो. तिला कोरडे लुगडे हवे होते. कोणी तिला त्याबद्दल चकार शब्द सांगितला नव्हता.

संमतीपत्रावर सही तिने केली. मी पेन पुढे केले, तिने नर्सचे घेतले.

१७ मार्च, सोमवार

क्रिएटिनिन ३.२. उचकी गेली. तुकड्याचा अहवाल आला: रोग नाही. चेतना वॉर्डातल्या सगळ्यांना सांगत सुटली. मी कोणाला फोन केला नाही. हात खिशाकडे गेला होता, परत आणला.

नर्सने मला पिशवी रिकामी करायला शिकवली. तोटी उघडायची, मापात घ्यायचे, आकडा लिहायचा, हात धुवायचे, नळी मुडपू द्यायची नाही. मी म्हणालो, एवढे सोपे? पहिल्याच खेपेला माझ्या चपलेवर. शामकला हसली. गेल्या दिवाळीपासून तिला हसताना पाहिले नव्हते, हे तेव्हा कळले.

रात्री ती पलंगावर झोपली, गादीवर, कुशीवर. चेतनाने सकाळी चादरीखाली हात घालून पाहिला आणि मला नुसती मान डोलावून दाखवली: कोरडी.

२ एप्रिल, बुधवार

घरी आलो. दर तीन महिन्यांनी नळ्या बदलायच्या. भोक शिवता येईल की नाही ते पुढे पाहू, म्हणतात. भाजलेली जागा नीट जुळत नाही. म्हणजे पिशव्या किती दिवस, ते कोणी सांगत नाही. मी विचारले की मॅडम म्हणतात, "बघू." हा 'बघू' मला उदबत्तीच्या धुरापेक्षा जास्त छळतो.

चेतनाने पिशव्यांना कापडी खोळी शिवल्या, कमरेला बांधायच्या. आता माझी नोकरी बदलली आहे. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. "अजी, डावी भरली." "अजी, नळी मुडपली, दिसत नाही का?" "अजी, आकडा लिवला का?" ही बाई पाच महिने एक शब्द बोलली नाही, आता थांबत नाही. ताप आला तर लगेच निघायचे, म्हणून थर्मामीटर माझ्या खिशात, पेनाच्या शेजारी.

आज धीर करून विचारले. "मला का नाही सांगितलेस?"

"तुमी पेपरात छापलं असतं."

"मी? असली गोष्ट?"

"नाव बदलून."

यावर मी बराच वेळ माझी बाजू मांडली. वृत्तपत्राची मर्यादा, खासगीपणा, स्त्रीची प्रतिष्ठा. ती खोळीची नाडी बांधत होती. मधेच म्हणाली, "किती खुश होते तुमी, त्या दिवशी. फोटो छापला तवा." आणि नाडीची गाठ बसेना म्हणून मलाच म्हणाली, "धरा इथं." धरली. माझी बाजू तिथेच राहिली.

२० एप्रिल, रविवार

क्रिएटिनिन १.८. डावी ७५०, उजवी ६००.

पलीकडच्या आळीतल्या धुरपताबाई गेले तीन दिवस येत आहेत. पहिल्या दिवशी वांगी घेऊन, काल ताक घेऊन, आज रिकाम्या हाताने. दर वेळी दोन मिनिटे बसतात, पदराशी चाळा करतात, माझ्याकडे पाहतात, आणि "येतो मंग" म्हणून जातात. मी त्यांना चहा विचारला, उन्हाळ्याबद्दल बोललो, नातवाची दहावी विचारली. त्या अधिकच गप्प. त्यांची वहिनी मागच्या वर्षी शेक घेऊन आली आहे, एवढे मला ठाऊक होते. तिची चौकशी करावी म्हणून मी घसा साफ केला.

शामकला म्हणाली, "अजी, तुमी बाहेर जाऊन बसा."

"बेचाळीस अंश आहे."

"छत्री घ्या."

ओसरीत येऊन बसलो. दार आतून लागले. डोक्यावर बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमाने घिरट्या घालत होती. त्यांनाही उतरायची परवानगी मिळत नसावी. पंधरा मिनिटे झाली. बातमीची दोन पाने तपासून संपवली. अर्धा तास. आतून आधी काहीच ऐकू येईना, मग नाक ओढल्याचा आवाज, मग एकदम दोघींचे हसणे. कशावर? दार वाजवले. "पाणी पाहिजे होते."

"माठ बाहेर आहे!"

माठ बाहेर होता, हे खरे. पेला घेऊन दाराशीच उभा राहिलो. कान लावायचा नव्हता, पण वीस वर्षांची सवय. धुरपताबाई काहीतरी पुटपुटल्या, आणि मग शामकलाचा आवाज आला, स्पष्ट, एखाद्या मास्तरणीसारखा: "हे पाह्य, डॉक्टरपाशी गेलं का, पयले मालकाले बाहेर बसवाचं. मंग सांगाचं. नाहीतं ते सांगत राह्यतेत, अन् आपण गळत राह्यतो."

पेला माठावर ठेवला. खुर्ची उचलली आणि आणखी दहा-बारा हात लांब, कडुनिंबाखाली नेऊन बसलो.